मदत छावणीत, मुले मावशीच्या घरी

हैतीतले विस्थापित म्हटले की एकच चित्र डोळ्यांसमोर येते. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधली एखादी शाळा, खिडक्यांच्या गजांवर वाळत घातलेले कपडे, वर्गात दोऱ्या बांधून चादरींनी पाडलेले खण आणि एकेका खणात एकेक कुटुंब. चित्र खरे आहे, पण तिथल्या बहुतेक विस्थापित मुलांचे ते नाही. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या मोजणीनुसार जून 2025 मध्ये सशस्त्र टोळ्यांच्या हिंसाचारामुळे देशातल्या देशात घर सोडावे लागलेले सुमारे 13 लाख लोक होते. ऑक्टोबरपर्यंत हा आकडा 14 लाखांवर गेला. त्यांत निम्म्याहून अधिक मुले. आणि या सगळ्यांतले पाचांपैकी चार जण छावणीत राहतच नाहीत. कुणी गावाकडे आत्याच्या घरी आहे, कुणी दक्षिणेत आजीकडे, कुणी राजधानीतच पलीकडच्या टेकडीवर आईच्या मैत्रिणीच्या एका खोलीत.

मदतीची यंत्रणा मात्र छावणीच्या मापाने बेतलेली. ट्रक छावणीच्या फाटकापाशी थांबतो, यादी छावणीतल्या कुटुंबांची होते. पाण्याची टाकी, संडास, मुलांच्या खेळाचा तंबू, सगळे तिथेच. माझे म्हणणे असे की हैतीतल्या मुलांच्या नावाने येणारा पैसा आधी मुलामागे जावा, मग जागेमागे. मूल ज्या घरात झोपते, ज्या शाळेत जाते किंवा जाऊ शकत नाही, ज्या गल्लीच्या तोंडाशी दुपार काढते, तिथवर तो पोचत नसेल तर त्याला मुलांसाठीचा पैसा म्हणू नये. त्या गल्लीच्या तोंडाशी टोळी आधीच पोचलेली असते.

हे विखुरणे झाले कसे, ते थोडक्यात. जून 2021 मध्ये टोळ्यांनी राजधानीची मार्तिसाँ ही वस्ती ताब्यात घेतली आणि राजधानीतून दक्षिणेला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 2 त्यांच्या मर्जीवर गेला. पुढच्याच महिन्यात, 7 जुलैला, राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची त्यांच्या घरात हत्या झाली. फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस, कालपर्यंत एकमेकींच्या जिवावर उठलेल्या टोळ्या ‘विव आन्सान्म’ या नावाखाली मिळून हल्ल्यावर उतरल्या. हैतीतल्या लोकांच्या रोजच्या क्रेओल भाषेत या नावाचा अर्थ ‘एकत्र जगणे’, यापुढे काय बोलावे! त्यांनी मुख्य तुरुंग फोडला, विमानतळ बंद पाडला, पंतप्रधानांना पायउतार व्हायला लावले. 2025 पर्यंत राजधानीचा जवळजवळ नव्वद टक्के भाग टोळ्यांच्या हातात गेला होता. राजधानीबाहेर आर्तिबोनित खोऱ्यात पाँ-साँदे इथे 3 ऑक्टोबर 2024 रोजी ‘ग्रान ग्रिफ’ टोळीने शंभराहून अधिक माणसे मारली. मार्च 2025 च्या शेवटी मिरबाले शहरावर हल्ला झाला आणि तिथले 300 खाटांचे विद्यापीठ रुग्णालय बंद पडले. प्रत्येक हल्ल्यानंतर माणसे पळतात, ती ओळखीच्या दारापर्यंत. अनोळखी छावणीत जाणे हा नातेवाईक नसलेल्यांचा, किंवा नातेवाइकांचेही घर जळालेल्यांचा, शेवटचा उपाय असतो.

छावण्यांकडे मदत का ओढली जाते, हे न कळण्यासारखे नाही. तिथे माणसे मोजता येतात, रांग लावता येते, सही घेता येते आणि देणगीदाराला फोटोसह अहवाल पाठवता येतो. शिवाय छावणीतले हाल सर्वांत वाईट आहेत यात वाद नाही. उपासमारीच्या वर्गीकरणातल्या सगळ्यांत वरच्या, पाचव्या पायरीवर 2025 च्या सुरुवातीला जे हजारो लोक नोंदले गेले ते राजधानीतल्या छावण्यांतलेच होते. आपत्तीतल्या मदतीच्या प्रमाणित निकषांनुसार माणशी दिवसाला 15 लिटर पाणी आणि 20 माणसांमागे एक संडास हवा. शाळेच्या आवारात हजारभर माणसे शिरली की हे गणित पहिल्याच आठवड्यात कोलमडते. ऑक्टोबर 2022 पासून कॉलरा परत आलेला असताना हा हिशेब चुकवून चालत नाही. तेव्हा छावण्या वाऱ्यावर सोडा असे कुणी म्हणत नाही. पण सगळे छावणीतच मिळते हे एकदा कळले की नातेवाइकांकडे टेकलेली कुटुंबेही यादीतली जागा राखायला एखाद्या मोठ्या माणसाला, कधी मोठ्या मुलीला, रात्री छावणीत झोपायला पाठवतात. रात्रीच्या वेळी छावणी हे मुलींसाठी काय ठिकाण असते, हे यादी करणाऱ्यांनाही ठाऊक असते.

आता आसरा देणाऱ्या घरात डोकावू. दोन खोल्या, आधीची पाच माणसे, वर आलेली सहा. पाणी बादलीवर विकत घ्यायचे. पहिला महिना माणुसकीवर निघतो, दुसरा भिडेखातर. तिसऱ्या महिन्यात घरमालक भाडे वाढवतो किंवा घरच्या बाईचे बाजारातले भांडवल संपते, आणि पाहुण्या मुलांच्या ताटातला भात कमी होऊ लागतो. कुणी दुष्ट असते म्हणून हे घडत नाही. मग मुलीने भांडी घासायची, पाणी भरायचे, घरच्या पोरांना शाळेत सोडून यायचे आणि स्वतः मात्र जायचे नाही. परक्या घरी कामाला ठेवलेल्या मुलांना हैतीत ‘रेस्तावेक’ म्हणतात. ही प्रथा जुनी आहे. विस्थापनाने तिला नवा पुरवठा सुरू करून दिला. मुलगा असेल तर तो घरात मावत नाही म्हणून रस्त्यावर जातो.

रस्त्यावर त्याला काम मिळते. नाक्यावर उभे राहून पोलिसांची गाडी दिसली की फोन करायचा. अशा मुलाला ‘अँतेन’, म्हणजे अँटेना म्हणतात. निरोप पोचवायचे, जेवण आणून द्यायचे, वसुलीच्या नाक्यावर दोर ओढून धरायचा, पुढे हत्यार सांभाळायचे. मुलींच्या वाट्याला स्वयंपाक, धुणीभांडी आणि त्यापलीकडचे अत्याचार. युनिसेफच्या अंदाजानुसार टोळ्यांमधले 30 ते 50 टक्के सदस्य अठरा वर्षांखालचे आहेत, आणि 2024 च्या शेवटी तिने सांगितले की मुलांची भरती वर्षभरात 70 टक्क्यांनी वाढली. काहींना धमकावून नेतात. नाही म्हणणाऱ्याच्या घराला आग लागते. काही भुकेपायी जातात. काहींचा भाऊ आधीच तिथे असतो. या तिन्हींमधली रेषा बाहेरून आखू पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की टोळी रोज देते. मदत संस्था महिन्यातून एकदा देते, तेही रस्ता उघडा असला तर.

घराला द्यायचे असेल तर रोख रक्कम हा सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि हैतीत मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आहे. ‘मोनकॅश’ सर्वांना माहीत आहे. पण ‘पैसे पाठवा’ म्हणणे सोपे. घर जळून पळालेल्या बाईचे ओळखपत्र जळालेले असते. सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर असते. पैसे काढून देणाऱ्या एजंटाकडे महिन्याच्या त्या दिवशी पुरेशा नोटा नसतात, किंवा त्याची टपरी टोळीच्या हद्दीत असते आणि बाहेर पडणाऱ्याकडून तिथेच हिस्सा कापला जातो. म्हणून रक्कम एका दिवशी सर्वांना न सोडता आठवडाभर पसरून, ठरलेली तारीख जाहीर न करता सोडावी लागते. ओळखपत्र नसलेल्यांसाठी मोहल्ल्यातल्या दोन माणसांची साक्ष आणि फोटो एवढ्यावर तात्पुरती नोंद करावी लागते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे रक्कम आसऱ्याला आलेल्या कुटुंबाला वेगळी आणि आसरा देणाऱ्या घराला वेगळी द्यावी. एकालाच दिली तर दुसरा लाचार होतो किंवा चिडतो, आणि दोन्हींची किंमत मूल मोजते. सहा महिने सलग, दर महिन्याला थोडी, हे एकरकमी मोठ्या मदतीपेक्षा बरे. कुटुंबे फुटतात ती पहिल्या आठवड्यात नव्हे, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.

शाळेचा प्रश्न याहून किचकट आहे आणि माझ्या मते सगळ्याची किल्ली तिथेच आहे. 2024 मध्ये टोळ्यांनी 284 शाळा उद्ध्वस्त केल्याची आणि जानेवारी 2025 या एका महिन्यात राजधानीत आणखी 47 केल्याची नोंद युनिसेफने दिली. ज्या उरल्या त्यांतल्या कितीतरी शाळांत विस्थापित कुटुंबे राहतात. म्हणजे एका मुलाचा निवारा दुसऱ्याची शाळा बंद करतो. आवार रिकामे करा म्हणून कुटुंबांना हुसकावणे क्रूरच, पण वर्षानुवर्षे तसेच राहू देणे हाही निर्णयच आहे, आणि त्याचे बिल दुसऱ्या मुलांच्या नावावर फाटते. मधला मार्ग म्हणजे कुटुंबांना वर्षभराचे भाडे देऊन खोली मिळवून द्यायची, मग वर्ग दुरुस्त करायचे. क्रम उलटा झाला, म्हणजे दुरुस्तीचे कंत्राट आधी आणि भाडे नंतर, की माणसे पुन्हा रस्त्यावर येतात आणि रिकाम्या शाळेत दुसरीच कुटुंबे शिरतात.

दुसरी अडचण लेखी आहे. हैतीत बहुसंख्य शाळा खासगी आहेत. फी, गणवेश, वह्या, परीक्षा शुल्क, शिवाय जन्मदाखला आणि आधीच्या शाळेचा कागद. राजधानीतल्या सिते सोलेय या झोपडवस्तीतून रातोरात पळालेल्या मुलाकडे यातले काहीच नसते. नवी शाळा त्याला वर्गात बसू देते, पण नववीच्या सरकारी परीक्षेला नाव पाठवत नाही, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मागच्या बाकावर दुसरीत बसवते. तो आठवडाभर येतो, मग येत नाही. इथे दप्तर वाटून काही होत नाही. फी थेट शाळेच्या खात्यात जमा करावी, आणि प्रत्येक विस्थापित मुलामागे शाळेला काही जास्त द्यावे, म्हणजे मुख्याध्यापकाला ही मुले ओझे वाटणार नाहीत. मागे पडलेल्यांसाठी दोन इयत्ता एका वर्षात भरून काढणारा वर्ग क्रेओलमधून चालवावा. फ्रेंचमध्ये अडखळणाऱ्या मुलाला गणितही येत नाही असे समजले जाते. परीक्षेची नोंदणी विभागीय कार्यालयातून हस्तांतरित करून घ्यायला एक पगारी माणूस ठेवावा, ज्याचे काम फक्त हेच असेल. आणि दुपारची पाळी. मुलगा सकाळी शाळेत जातो की नाही यापेक्षा दुपारी दोन ते सहा तो कुठे असतो, यावर टोळीची भरती ठरते. एका इमारतीत दोन पाळ्या, मध्ये गरम जेवण, शिक्षकाला दुसऱ्या पाळीचा पगार. हा खर्च दरमहा लागतो, एकदाच करून मोकळे होता येत नाही. म्हणूनच कदाचित तो देणगीदारांना आवडत नाही. तंबूवर नाव रंगवता येते, शिक्षकाच्या पगारावर कसे रंगवणार?

जेवणासाठी तांदूळ बोटीने आणण्यापेक्षा उत्तर आणि दक्षिण भागातल्या शेतकऱ्यांकडून शेंगदाणे, घेवडा, मका, कंद घेतले तर पैसा त्याच गावात राहतो जिथे विस्थापित कुटुंबे टेकलेली आहेत. 1995 मध्ये हैतीने तांदळावरचे आयात शुल्क 3 टक्क्यांवर आणले आणि स्वस्त परदेशी तांदळाने आर्तिबोनितच्या भातशेतकऱ्याला बाजारातून उठवले. शेतीतून उठलेली माणसे राजधानीच्या झोपडवस्तीत आली. त्यांची नातवंडे आज तिथून पळून परत गावी जात आहेत.

कुपोषणाच्या कामातही तोच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला असताना रंगीत पट्टी गुंडाळतात. माप 11.5 सेंटिमीटरच्या खाली आले तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, 12.5 पर्यंत पिवळे. लालमधल्या मुलाला शेंगदाण्याच्या लगद्याची 92 ग्रॅमची पाकिटे देतात. एका पाकिटात 500 कॅलरी, एका खोक्यात 150 पाकिटे, आणि साधारण एवढ्यात एक मूल सहा ते आठ आठवड्यांत बरे होते. हा लगदा हैतीतच बनतो, काप-हैसियाँमध्ये कारखाना आहे. म्हणजे औषध माहीत आहे, मात्रा माहीत आहे, माल देशात आहे. तरी उपचार फसतो.

सात किलोच्या मुलाला नेहमीच्या पद्धतीत आठवड्याला वीसेक पाकिटे लागतात आणि आईने दर आठवड्याला केंद्रात यावे अशी अपेक्षा असते. वाटेत गोळीबार झाला की ती दोन आठवडे येत नाही, वहीत तिच्या नावापुढे ‘उपचार सोडला’ असा शिक्का बसतो आणि पुन्हा आली तर सगळे पहिल्यापासून. आसऱ्याच्या घरात आणखी चार लहान मुले असतात. एकाच्या हातात गोड पाकीट आणि बाकीचे बघताहेत, असे कुठलीही आई होऊ देत नाही. पाकिटे पाचांत वाटली जातात आणि आजारी मुलाचे वजन हलत नाही. परिचारिका आईला रागावते. चूक आईची नसून मोजणीची आहे. यावर तोड निघालेली आहे. पट्टी आईच्याच हातात द्यायची आणि घरातल्या सगळ्या मुलांचे दंड मोजायला शिकवायचे. वजनाचा तक्ता बाजूला ठेवून लालमध्ये रोज दोन आणि पिवळ्यात रोज एक पाकीट, असा साधा हिशेब ठेवायचा. रस्ता बेभरवशाचा असेल तर एका खेपेला चार आठवड्यांचा साठा द्यायचा. साठा मोहल्ल्यातल्या आरोग्यसेविकेच्या घरी, पण एका घरी दोन खोक्यांहून जास्त नाही, म्हणजे लुटीला आमंत्रण नको. आणि भावंडांसाठी वेगळे धान्य, मोजून. ही भावंडांची पिशवी अंदाजपत्रकात पहिल्यांदा कापली जाते आणि ती नसल्यामुळेच पाकिटे वाया जातात.

माल तिथवर नेणे ही वेगळी कथा. पोर्ट-ओ-प्रिन्समधून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर टोळ्यांचे वसुलीचे नाके आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये विमानांवर गोळीबार झाल्यानंतर अमेरिकेतून राजधानीला येणारी प्रवासी विमाने थांबली. तेव्हापासून उत्तरेतले काप-हैसियाँ हेच मुख्य प्रवेशद्वार, आणि तिथून पुढे हेलिकॉप्टर किंवा समुद्रमार्गे बोट. नाक्यावर पैसे देऊ नयेत हे तत्त्व बरोबर आहे, कारण दिलेली प्रत्येक नोट गोळीत बदलते. पण मालवाहू ट्रक भाड्याने घेतला की मालक ते पैसे भाड्यात मिळवून घेतो आणि संस्था त्याकडे डोळेझाक करते, हे उघड गुपित आहे. 2 मे 2025 रोजी अमेरिकेने ‘विव आन्सान्म’ आणि ‘ग्रान ग्रिफ’ यांना दहशतवादी संघटना ठरवले. त्यानंतर हे गुपित धोक्याचे झाले. अमेरिकी कायद्यात दहशतवाद्यांना ‘साहाय्य’ करणे हा फौजदारी गुन्हा. सूट फक्त औषधे आणि धार्मिक साहित्याला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर 2022 मध्ये ठराव 2664 करून आपल्या निर्बंधांतून मानवतावादी मदत वगळली, पण तो ठराव अमेरिकी सरकारी वकिलाला बांधून ठेवत नाही. बँका घाबरतात, वाहतूकदार घाबरतात, आणि ज्या वस्तीत मुले सर्वांत अडकलेली असतात तिथे जाणे सगळ्यांत आधी थांबते. मोठा ट्रक जितका टाळता येईल तितका टाळायचा हाच यावरचा व्यावहारिक उपाय. फी, भाडे, रोख रक्कम, शिक्षकाचा पगार यांना नाका लागत नाही. मुलामागे जाणारी मदत हलकी असते, हा तिचा न बोललेला गुण.

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलींच्या बाबतीत तर अंतर घड्याळावर मोजावे लागते. एचआयव्ही टाळणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू झाली तर उपयोग, पुढे 28 दिवस रोज. गर्भधारणा टाळणारी गोळी 120 तासांपर्यंत. लहान मुलीला ही औषधे वजनाप्रमाणे लागतात. प्रौढांच्या गोळीचे तुकडे करून चालत नाही. राजधानीतले विद्यापीठ रुग्णालय 2024 च्या सुरुवातीला बंद पडले आणि 24 डिसेंबरला ते पुन्हा उघडल्याचे जाहीर करण्याच्या समारंभावरच हल्ला झाला, दोन पत्रकार आणि एक पोलीस मेले. अशा शहरात एका मोठ्या केंद्रात उत्तम सोय असून काय उपयोग, तिथे पोचायलाच चार दिवस लागत असतील तर? बंद डबा, आत पहिल्या सात दिवसांची औषधे आणि मात्रेचा क्रेओलमधला तक्ता, प्रत्येक मोहल्ल्यातल्या दवाखान्यात किंवा सुईणीकडे. उरलेले 21 दिवस नंतर पोचवता येतात. सोबत टॅक्सी-मोटरसायकलचे भाडे. आणि मुलीला पोलिसात तक्रार केली का, हा प्रश्न औषधाआधी विचारायचा नाही.

टोळीतून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलांसाठी निदान कागदावर एक चांगली गोष्ट झाली आहे. जानेवारी 2024 मध्ये हैती सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला: कारवाईत हाती लागलेल्या मुलांना कोठडीत न डांबता बालसंरक्षण यंत्रणेच्या स्वाधीन करायचे. प्रत्यक्षात मुलाची पहिली गाठ बहुधा संतापलेल्या जमावाशी पडते. एप्रिल 2023 पासून ‘ब्वा काले’ नावाने लोकांनी संशयितांना रस्त्यात ठार मारणे सुरू केले, आणि संशयिताचे वय कुणी विचारत नाही. पोलिसांच्या हाती लागलाच तर जन्मदाखला नसतो, म्हणून तो सोळाचा की एकोणीसचा हे अंगाने ठरवले जाते. शंका असेल तर मूल धरा, हा नियम आहे. पाळला जातोच असे नाही. त्यापुढे काही आठवडे सुरक्षित घरात, तेवढ्यात नातेवाइकांचा शोध. आईवडिलांच्या वस्तीत परत पाठवणे बहुधा अशक्य, कारण तिथे टोळी त्याला गद्दार म्हणून ओळखते आणि शेजारी खुनी म्हणून. दुसऱ्या विभागातल्या काकाकडे पाठवायचा, तर आधी काकाच्या गल्लीतल्या माणसांशी बोलणे हवे. पाद्री, शिक्षक, बाजारातली वजनदार बाई. मग शाळा किंवा हाताचे काम: मोटरसायकल दुरुस्ती, सौर पॅनेल बसवणे, गवंडीकाम. आणि दर पंधरा दिवसांनी भेट, निदान वर्षभर.

एक चूक वारंवार होते. टोळीतून आलेल्या मुलाला अवजारांची पेटी, फी आणि भत्ता मिळतो. शेजारचा, टोळीला नाही म्हणत राहिलेला मुलगा नुसता बघत बसतो. याहून वाईट धडा दुसरा नाही. पेटी गल्लीतल्या सगळ्या गरजू मुलांना मिळाली पाहिजे, आणि कोण कुठून आला हे यादीत कुठेही लिहिलेले नसावे. ती यादी चोरीला गेली तर ती शिकारीची यादी ठरते.

अनाथालये हा या सगळ्यातला सोपा वाटणारा सापळा. हैतीत सुमारे 30,000 मुले अनाथालयांत आहेत आणि त्यांतल्या पाचांपैकी चौघांचे आई किंवा वडील हयात आहेत, असा अंदाज गेली कित्येक वर्षे दिला जातो. आईने जेवण आणि शाळा मिळेल म्हणून मूल तिथे ठेवले. एका मुलाला संस्थेत ठेवायचा खर्च घरी दिला असता तर आईने त्यात दोन-तीन मुले सांभाळली असती, पण देणगी इमारतीला मिळते, आईला नाही. विस्थापन वाढले तशी नवी अनाथालये उघडण्याची हौसही वाढते. तिला नम्रपणे नकार द्यावा.

‘आधी सुरक्षा, मग मदत’ असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गोळ्या चालू असताना शाळा चालत नाही. पण या क्रमाचा अनुभव पाहा. सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर केलेल्या केनियाच्या नेतृत्वाखालील दलाची पहिली तुकडी जून 2024 मध्ये उतरली. येणार होते 2,500, आले हजाराच्या आसपास. सप्टेंबर 2025 मध्ये 5,500 जणांच्या नव्या दलाला मंजुरी मिळाली. दरम्यान सरकारने ड्रोनने स्फोटके टाकणे सुरू केले आणि 20 सप्टेंबर 2025 रोजी राजधानीतल्या एका वस्तीत अशा हल्ल्यात किमान आठ मुले मेली. सुरक्षेची वाट पाहण्यात जे मूल बारा वर्षांचे होते ते पंधरा वर्षांचे झाले, आणि आता तेच त्या दलाचे लक्ष्य आहे. शिवाय विस्थापित मुलांचा मोठा हिस्सा आज अशा विभागांत आहे जिथे शाळा उघड्या आहेत, बाजार भरतो. तिथे मदत पोचायला कुठल्या दलाची वाट पाहावी लागत नाही. ती पोचत नाही, कारण तिथे छावणी नाही.

पैसा अपुरा आहे हे तर खरेच. 2025 साठी 39 लाख लोकांकरिता 90.8 कोटी डॉलर मागितले गेले आणि वर्ष अर्धे सरले तरी त्यातले दहा टक्केही जमले नव्हते. अशा वेळी काय कापायचे हे सांगण्याची जबाबदारी टाळता येत नाही. मी आधी कापेन ती नवी तंबूवजा खेळकेंद्रे, राजधानीतल्या हॉटेलांतल्या कार्यशाळा, परदेशातून येणारी स्वच्छतेची बंद पाकिटे आणि नवी अनाथालये. शेवटपर्यंत हात लावणार नाही तो दुसऱ्या पाळीच्या शिक्षकाच्या पगाराला, आसऱ्याच्या घरच्या रकमेला, लगद्याच्या पाकिटांना आणि भावंडांच्या पिशवीला.

आणि नोंदणीचा कागद बदलेन. आज त्यावर पहिला प्रश्न असतो, कुठल्या छावणीत राहता. त्याऐवजी चार प्रश्न पुरतात. कुणाच्या घरी आहात, किती महिने झाले, मूल कितवीत होते, आणि दुपारी ते कुठे असते.